अंदाजपत्रक

पांझरेच्या बंधाऱ्यावर उभं राहून
ग्रामसेवक भदाणे मला उंचीचं विचारतो.
पंचविशीतला, बुटांना चिखल लागू न देणारा पोरगा.
'मॅडम, तुम्ही बंदरं बांधलीत,
हे तर जेमतेम दीड पुरुष.
वर एक मीटर काँक्रीट चढवू.
तुमची सही असली की धुळ्यात कुणी अडवणार नाही.'

मी खाली बघते.
दगड तेच. चुन्याच्या सांध्यांत तीच पिंपळाची रोपटी,
जी आबा दर पोळ्यानंतर विळ्यानं खरवडून काढायचा.
आबा म्हणजे धुडकू पाटकरी.
कानावर बिडी, खांद्यावर फावडं,
कुणाच्या फडात किती घटका पाणी, सगळं तोंडपाठ.
वहीत फक्त भांडणं लिहून ठेवायचा.

बत्तीस वर्षं मी दुसऱ्या टोकाला होते,
जिथं मुडावदला तापीत शिरलेलं हे पाणी
खाडीतून माझ्या ड्रेजरच्या तोंडाशी यायचं.
नोकरीतलं पहिलंच बोअर :
अकरा मीटर खालून नमुना वर आला,
लाकडी पेटीत काकडीसारखा आडवा.
अहवालात लिहिलं, मऊ, काळी, फुगणारी चिकणमाती.
दुपारच्या उन्हात तो तडकला
वैशाखातल्या आमच्या रानासारखा,
आणि मी उघडलेला डबा पुन्हा झाकून ठेवला.
आमचं शेत होतं ते. निदान इकडच्या कुणाचं तरी.
आणि आम्ही ते उपसून, बिलं लावून,
आणखी खोल पाण्यात नेऊन टाकत होतो.

पहिला धक्का मी सरळ रेघेत बांधला, भरीव.
त्याची शाल कपाटात आहे.
तिसऱ्या वर्षी उत्तरेकडच्या वाडीची वाळू गेली,
मग जाळी वाळवायची जागा,
मग नळ.
बुधा तांडेल नावाचा माणूस ऑफिसात येऊन
नुसता बसून राहायचा. चहा घ्यायचा नाही.
अर्ज आणला नव्हता, म्हणून आवक नोंद नाही.
'शाश्वत' हा शब्द फार नंतर आला, पडद्यावर, हिरव्या अक्षरांत.
मला त्याआधीच ठाऊक होता तो,
साय धरलेला, गार.

पुढचा धक्का खांबांवर उभा केला, खालून प्रवाह जाऊ दिला.
तिवरं वाचवायला रस्ता वळवला : सातशे मीटर जास्त,
एक बढती कमी.
ठोकळ्यांच्या काँक्रीटमध्ये दीपनगरची राख घातली.
भुसावळचे ट्रक रात्री येत, ड्रायव्हर लेवा बोलीत भांडत,
मी वजनकाट्यापाशी उगाच थांबून ऐकायची.

आबा एकदाच आला होता तिकडे.
भरती पाहिली, ओहोटी पाहिली, बिडी विझेपर्यंत गप्प.
मग म्हणाला,
'इतलं पानी! आन् पाळी कोन लावस?'
मी चंद्राकडं बोट दाखवलं.
त्याला ते पटलं.

भदाणे टेप धरून उभा आहे.
मी चपला काढते, सांडव्याच्या कडेनं उतरते.
पायथ्याशी डाव्या अंगाला एक मोरी होती,
कुण्या काळच्या गवंड्यानं ठेवलेली,
पुराचा गाळ पुढं जावा म्हणून.
आता तिच्यात गोणपाट, बाटल्या, सायकलची रिम.
खांद्यापर्यंत हात घालते. साठीत शोभत नाही हे.
काहीतरी सुटतं.
आधी बुडबुडे, मग काळं पाणी,
मग तो वास,
अकरा मीटर खालचा.

वर येऊन त्याच्याच कागदावर लिहिते :
उंची वाढवू नये. मोरी मोकळी करावी.
चार मजूर, दोन दिवस, एक पहार.
दर पोळ्यानंतर पुन्हा.

'इतकंच?'
भदाणे कागद उलटून बघतो,
मागं काही लिहिलंय का.